नजर पैसेवारी

माळशिरसच्या तहसील कचेरीत तीस-बत्तीस वर्षे दप्तर सांभाळून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेले आमचे भाऊसाहेब, आणि येथल्याच हायस्कुलात तितकीच वर्षे गणित शिकवून अद्यापही वाटेत भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्याला एखादे त्रैराशिक घातल्यावाचून पुढे न जाणारे मास्तर, या दोघांचे कोणत्याही विषयावर पुरते एकमत झाल्याचा प्रसंग माझ्या पाहण्यात नाही. आणि सायंकाळचा चहा एकाने दुसऱ्यावाचून घेतला, असाही प्रसंग माझ्या पाहण्यात नाही. डिसेंबर 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात, रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या अकलूजच्या दिशेने चालल्या होत्या आणि शिवारात ज्वारी पोटऱ्यात आली होती, अशा एका संध्याकाळी या दोघांत जे बोलणे झाले, त्याचा मी केवळ साक्षीदार होतो.

बोलण्याला निमित्ते तीन होती. भाऊसाहेबांची भाची अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते. नागरिकत्व मिळाल्यानंतर तिच्या वाट्याला आलेली ही पहिलीच अध्यक्षीय निवडणूक, आणि तिचे मतदान 5 नोव्हेंबरला पार पडले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, 20 नोव्हेंबरला, आपल्या विधानसभेचे मतदान झाले. आणि निकालाचा गुलाल पुरता धुतलाही गेला नसेल तोच, आमच्या तालुक्यातील मारकडवाडी या लहानशा गावाचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. आरंभ भाचीपासून झाला.

भाऊसाहेब : मास्तर, लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद धरून किती निवडणुकांच्या कामाला मी उभा राहिलो याची मोजदाद मजपाशी नाही, पण मतदाराविषयी माझी एक समजूत त्या कामाने पक्की केली होती. पडद्याआड गेलेला माणूस कितीही कर्जबाजारी असो, कितीही मिंधा असो, कितीही भिडस्त असो, त्या अर्ध्या मिनिटापुरता तो सार्वभौम असतो. माझी तक्रार अशी आहे की, तुमची ती जनमत चाचणी आता त्याच्या पाठोपाठ पडद्याआड जाते. भाचीचेच उदाहरण घ्या. तिचा उमेदवार कोणता ते विचारू नका; मताच्या गुप्ततेची जबाबदारी मी निवृत्तीच्या दिवशी शिक्क्याबरोबर कचेरीत जमा केलेली नाही. 21 जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस पुढे आल्या, तेव्हापासून ही मुलगी दर आठवड्याला दोन टक्के सुखी किंवा दोन टक्के दुःखी. तिचा उमेदवार पुढे दिसला की रविवारच्या फोनवर म्हणायची, मामा, आता चिंता नाही. आणि त्या आठवड्यात प्रचाराच्या कामाला जायची नाही. मागे पडला की म्हणायची, आता जाऊन काय उपयोग. आणि त्याही आठवड्यात जायची नाही!

मास्तर : मुलगी आळशी आहे, आणि तुम्ही दावा लावता तापमापकावर.

भाऊसाहेब : हसण्यावारी नेऊ नका. जिला स्वतःचे मत आहे, शिक्षण आहे, जिच्यावर कोणाचा दाब नाही, तिची ही अवस्था. निवडणूक म्हणजे विचारविनिमय, असे आम्ही समजत होतो. या चाचण्यांनी तिची शर्यत केली. सदाशिवनगरला माउलींच्या पालखीचे गोल रिंगण होते तेव्हा अश्व दौडतात, सारा जनसमुदाय श्वास रोखून पाहतो, पण पुढे कोण येईल याची पैज कोणी मारत नाही; लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. इथे मात्र मतदानाच्या महिनाभर आधीपासून मोटारसायकलीच्या पैजा लागतात.

मास्तर : पैजा जनमत चाचण्यांनी शिकवल्या काय? भाऊसाहेब, पारावरचा 'हवा' हा शब्द तेवढा आठवून पाहा. चाचणीवाला या तालुक्यात फिरकतही नव्हता त्या काळात, 'हवा कुणाची?' हा प्रश्न होताच. आणि 'पडणाऱ्याला मत देऊन वाया कशाला घालवायचं?' हे वाक्य तर तुमच्या-माझ्या वडिलांनीही ऐकले असेल. प्रश्न इतकाच की, ही हवा सोडतो कोण? ज्याच्या गाड्या अधिक त्याची हवा अधिक, ज्याच्या सभेला भाडोत्री माणसे अधिक त्याची हवा अधिक. या ऐकीव हवेच्या जागी, चार ठिकाणी जाऊन, चार प्रकारच्या माणसांना विचारून, मोजून सांगितलेला आकडा कोणी पुढे ठेवला, तर तो मतदारावर अन्याय करतो की उपकार?

भाऊसाहेब : मोजून सांगितलेला म्हणता, पण मोजणारा चुकतो त्याचे काय?

मास्तर : चुकतो, आणि कसा चुकतो ते पाहण्यातच खरे शिक्षण आहे. 1936 साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका टपालाने धाडल्या; तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या, आणि एवढा प्रचंड ढीग पाहून त्यांनी निःशंकपणे जाहीर केले की लँडन हे रूझवेल्ट यांचा पराभव करणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्ये जिंकले. पत्ते मिळवले होते टेलिफोनच्या पुस्तकांतून आणि मोटारींच्या नोंदींतून. तेव्हा मंदीच्या त्या वर्षांत ज्याच्या दारी मोटार आणि घरी टेलिफोन, तोच त्यांच्या लेखी मतदार. शिवाय पदरचा वेळ घालवून उत्तर धाडतो कोण? ज्याच्या मनात राग असतो तो. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप या गृहस्थांनी त्या ढिगाच्या मानाने मूठभर माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला. ढीग केवढा हे महत्त्वाचे नसते. मूठ कोणत्या रीतीने उचलली हे महत्त्वाचे असते. आणि हे मी तुम्हांला सांगावे म्हणजे नवलच! शेजारच्या सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी यादृच्छिक नमुन्यावरून पिकाचा अंदाज कसा बांधावा याचे शास्त्र या देशात रुजवले, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग सांभाळला. तुमच्या महसूल खात्याचे पीक कापणी प्रयोग त्याच वाटेवरचे नव्हेत काय?

येथे भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. महसुलाची गोष्ट निघाली की त्यांच्या आवाजात आपोआप कचेरीतला तोल येतो.

भाऊसाहेब : आता तुम्ही माझ्या शिवारात आलात, तेव्हा बांध नीट पाहून घ्या. पूर्वी आणेवारी म्हणत, दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली. प्रथम नजर पैसेवारी : तलाठी आणि गावची समिती शिवारात फिरून डोळ्यांनी अजमास घेतात. मग सुधारित. शेवटी अंतिम. पन्नास पैशांच्या आत आकडा राहिला की टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो, म्हणून नजर पैसेवारीच्या वेळी गावकरी तावातावाने भांडतात. मी स्वतः चावडीत बसून या भांडणांची कागदपत्रे केली आहेत. पण भांडणारालाही मनातून ठाऊक असते की, अखेर चिठ्ठीने निघालेल्या गट नंबरात खुंट्या मारल्या जातील, दोरी ताणली जाईल, दोरीच्या आतली कणसे तेवढी कापून, मळून, उफणून काट्यावर चढवली जातील, आणि त्या वेळी पंचांसमोर जो किलोग्रॅमचा आकडा उभा राहील तो कोणाच्या नजरेचे ऐकणार नाही. हा झाला एक भाग. दुसरा भाग याहून मोलाचा आहे, आणि तुमचे सगळे शास्त्र तेथे अडते. ज्वारीचे कणीस माझे दप्तर वाचत नाही, मास्तर! मी नजर पैसेवारी चाळीस लिहिली म्हणून ते सुकत नाही आणि सत्तर लिहिली म्हणून टपोरे होत नाही. माणूस मात्र आपल्याविषयी लिहिलेला अंदाज वाचतो, आणि वाचून बदलतो. ज्या पिकाला अंदाज ऐकू येतो, त्याची पैसेवारी करायची कशी?

मास्तर काही वेळ गप्प राहिले. प्रतिपक्षाचा मुद्दा खरोखर वजनदार असला म्हणजे ते चष्मा काढून पुसतात. तसा त्यांनी पुसला.

मास्तर : तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो तुमचा एकट्याचा नाही. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी 1954 साली हाच प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला होता की, जाहीर केलेले भाकीत मतदाराला हलवत असेल तर खरे ठरणारे भाकीत जाहीर करणे शक्य तरी आहे काय? त्यांचे उत्तर होकारार्थी होते, ते का, हा भाग सोडून देऊ. पण माणूस एकाच दिशेने हलत नाही, हे तर आपल्यालाही दिसते. कोणी जिंकणाऱ्याच्या गाडीत चढतो, तर कोणी मागे पडलेल्याच्या कणवेने घराबाहेर पडतो. एखाद्याचा निष्काळजीपणा वाढतो, तर दुसऱ्याची जिद्द. 1948 साली ट्रुमन हरणार हे इतके गृहीत धरले गेले की चाचणीवाल्यांनी मतदानाच्या पुष्कळ आधी विचारपूस थांबवली, आणि 'शिकागो ट्रिब्यून'ने निकालाची वाट न पाहता ड्यूई जिंकल्याचा मथळा छापला. मग तोच अंक हातात धरून हसणारे ट्रुमन यांचे छायाचित्र जगाने पाहिले. आपल्याकडे 2004 साली वाजपेयी सरकार परतणार असे बहुतेक चाचण्यांचे म्हणणे होते; दिल्लीत जणू निकाल ठरला होता, मतदारांना तो कळवायचा तेवढा राहिला होता. मतदारांनी काँग्रेसला 145 आणि भाजपला 138 जागा दिल्या. भाकिताने मतदार बांधला जात असता, तर ही दोन्ही भाकिते खोटी पडलीच नसती.

भाऊसाहेब : म्हणजे चाचणी खोटी पडली हाच तिच्या निरुपद्रवीपणाचा पुरावा! हा युक्तिवाद एखाद्या वकिलाला शोभला असता. पण खोट्या भाकितानेही नुकसान होते, ते कोणाच्या खात्यावर लिहायचे? 1 जून 2024 ला शेवटच्या टप्प्याचे मतदान संपले आणि संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर नेऊन बसवले. 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला. 4 जूनला आघाडी 293 वर आणि भाजप 240 वर थांबल्याचे दिसताच तो 4,390 अंशांच्या आसपास कोसळला. या दोन दिवसांत ज्यांनी चढ्या भावाने समभाग घेतले त्यांची पैसेवारी कोण लावणार? आणि एवढे होऊन, अवघ्या साडेपाच महिन्यांनी, लोकसभेला महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा देणाऱ्या याच महाराष्ट्रात महायुतीला 230 जागा मिळाल्या. सत्तेवर कोण येणार ते बहुतेकांनी बरोबर सांगितले खरे, पण दोनशेचा आकडा ओलांडण्याचे धैर्य त्यांनाही झाले नाही.

मास्तर : कारण टक्क्यांवरून जागा काढणे हे वेगळेच गणित आहे. मतांचा अंदाज एक-दोन टक्क्यांनी चुकला, तर चुरशीच्या मतदारसंघांचा सबंध ताटवा एका बाजूला झुकतो. अमेरिकेतही हेच झाले. 2016 साली देशभरच्या चाचण्या हिलरी क्लिंटन यांना पुढे दाखवत होत्या, आणि एकूण मतांत त्या दोन टक्क्यांनी पुढे राहिल्याही. पण अध्यक्षपद ठरते ते राज्याराज्यांच्या निर्वाचकांवर, आणि तेथे त्या हरल्या. यंदा आयोवा राज्यात, मतदानाला तीन दिवस राहिले असता, अत्यंत नावाजलेल्या एका चाचणीने हॅरिस यांना तीन टक्के पुढे दाखवले. तुमच्या भाचीच्या पेनसिल्व्हेनियापर्यंत त्या आकड्याची खळबळ पोहोचली असेल. ट्रम्प यांनी आयोवा तेरा टक्क्यांनी जिंकले. तेव्हा माझे म्हणणे चाचण्या निर्दोष आहेत असे नाही. माझे म्हणणे एवढेच की त्या बंद करणे हा उपाय नव्हे.

भाऊसाहेब : बंद कोठे? थोडा आवर घाला म्हणतो मी. कायद्याने तो घातलाही आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात 2009 साली 126-अ हे कलम आले, त्यामुळे पहिल्या टप्प्याच्या मतदानापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल जाहीर करता येत नाही. केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. आपण माढा लोकसभेचे मतदार 7 मे रोजी मत देऊन मोकळे झालो, पण आपण काय केले ते उरलेल्या चार टप्प्यांच्या मतदारांना 1 जूनपर्यंत कळू दिले नाही, हे योग्यच झाले. मग मतदानापूर्वीच्या चाचण्यांना मात्र केवळ शेवटच्या 48 तासांचीच बंदी का? महिनाभराची का नको?

मास्तर : निवडणूक आयोगाने 1998 साली अशी मार्गदर्शक तत्त्वे काढून पाहिली होती, पण दुसऱ्याच वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि आयोगाला ती मागे घ्यावी लागली. कायद्याचे असो, व्यवहार पाहा. तुम्ही चाचणी छापण्यावर बंदी घातलीत तरी चाचणी घेणे थांबणार नाही. पैसेवाला पक्ष आपली चाचणी खाजगी करून घेईल, तिकीट कोणाला द्यायचे ते तीवरून ठरवील, कोणत्या गावात गाड्या जास्त पाठवायच्या ते तीवरून ठरवील. आणि ज्याच्याविषयी ही माहिती आहे तो मतदार तेवढा अंधारात राहील. नजर पैसेवारी सावकाराला माहीत आणि कुळाला नाही, अशी स्थिती तुम्हांला चालेल?

हा घाव भाऊसाहेबांना लागला असावा, कारण त्यांनी सरळ उत्तर न देता एक गोष्ट सांगितली. त्यांच्या शेतावरच्या वस्तीवर उन्हाळ्यात एक मुलगा आला होता. पाठीला पिशवी, हातात टॅब, ओठ सुकलेले. ओट्यावर बसलेल्या म्हातारीला त्याने पाणी मागितले, आणि पाणी पिऊन झाल्यावर मत कोणाला देणार असे विचारले. म्हातारीने उलट विचारले, "तू कुणाकडचा रं बाबा?" तो म्हणाला, मी कोणाकडचाच नाही, आजी, कंपनीकडचा. म्हातारी म्हणाली, "मग लिव्ह की, तुझ्याच कंपनीला." पोरगा हसला आणि त्याने टॅबवर 'सांगता येत नाही' या शब्दांवर बोट ठेवले. त्याची पाठ वळल्यावर म्हातारीने सुनेला सांगितले ते असे : "येणाऱ्या परत्येकाला तुमालाच म्हणावं. मत आपल्या पदरात असतंय."

भाऊसाहेब : हे मी माझ्या कानांनी ऐकले, मास्तर. तुमची मूठ कितीही शास्त्रोक्त रीतीने उचलली, तरी त्या मुठीतला दाणा बोलत नसेल तर काय कराल?

मास्तर : म्हातारीला मी पूर्ण गुण देतो. न बोलण्याचेही शास्त्र झाले आहे; एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन विदुषीने अर्ध्या शतकापूर्वी दाखवले की, आपली बाजू अल्पमतात आहे असे वाटणारा माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ती बाजू आणखी लहान दिसते, आणि मग उरलेलेही गप्प होतात. म्हणूनच सांगतो, चाचणीचा आकडा हा निकाल म्हणून वाचू नये. एक हजार माणसांच्या चोख नमुन्यातही तीन टक्के इकडे-तिकडे हे गृहीतच असते. आता आपलाच विधानसभा मतदारसंघ घ्या. 2019 साली माळशिरसला राम सातपुते हे उत्तमराव जानकर यांच्यापेक्षा 2,590 मतांनी सरस ठरले. दोघांची मते मिळून दोन लाखांच्या वर. म्हणजे अंतर सव्वा टक्क्याचे. जगातला कोणताही चाचणीवाला ते आधी सांगू शकला नसता. सांगितले असते तर तो योगायोग ठरला असता.

भाऊसाहेब : जानकरांचे नाव घेतलेतच तर मारकडवाडीकडे येऊ. माझ्या जन्माची नोकरी मतमोजणीच्या टेबलावर गेली, आणि माझ्याच तालुक्यातल्या गावाने मोजणीवर अविश्वास दाखवावा, याचे मला जे दुःख झाले ते तुमच्या टक्क्यांत मावणारे नाही.

यानंतर दोघांनीही आवाज खाली आणला; कारण या विषयात तालुक्यातल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी गुंतलेले आहे. घडले ते थोडक्यात असे. 2024 च्या विधानसभेला माळशिरसला जानकर 13 हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. पण मारकडवाडीत त्यांना 843 आणि सातपुते यांना 1,003 मते पडल्याचा आकडा निघाला. गावातल्या जानकर समर्थकांना तो पटेना. मागील निवडणुकांचा अनुभव आणि गावातली चर्चा पाहता आघाडी आपलीच असणार, असा त्यांचा ठाम हिशेब होता. त्यांनी 3 डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने अशा मतदानाला कायद्याचा आधार नाही असे सांगून जमावबंदीचा हुकूम काढला, पोलीस बंदोबस्त लागला, आणि ग्रामस्थांनी बेत मागे घेतला. 8 तारखेला शरद पवार गावात येऊन गेले. पाठोपाठ विरुद्ध बाजूचीही सभा झाली.

मास्तर : यात मला सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट कोणती वाटली सांगू? ज्यांचा उमेदवार निवडून आला त्यांनीच ही शंका काढली. म्हणजे ती केवळ पराभवाची चिडचिड नव्हती. त्यांनी गावाची जी नजर पैसेवारी मनात बांधली होती, तिच्याशी अंतिम आकडा जुळत नव्हता. मात्र त्यांनी काढलेला उपाय गणिताच्या कसोटीला उतरणारा नव्हता. पोलिसांच्या गराड्यात, वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर, एका गटाने मांडलेल्या मतदानाला दुसऱ्या गटाची माणसे कशाला येतील? ज्याच्या मनात राग तो येणार, उरलेला घरी बसणार. 'लिटररी डायजेस्ट'ची चूक पुन्हा घडली असती, आणि तिला पुरावा म्हटले गेले असते.

भाऊसाहेब : हुकूम काढला तो योग्यच होता, मी त्या जागेवर असतो तर मीही फाइल तशीच वर पाठवली असती. पण हुकुमाने जमाव पांगतो, शंका पांगत नाही. शंकेला अंतिम पैसेवारी दाखवावी लागते. आपल्याकडे ती अगदीच नाही असे नव्हे : प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रे काढतात आणि तेथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात, म्हणजे पीक कापणी प्रयोगच तो. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2024 च्या निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याची मुभाही मिळाली आहे. परंतु मारकडवाडीच्या एकाही घराला हे कोणी पारावर बसून समजावून सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

मास्तर : आणि त्यातही मेख अशी की, विजयी उमेदवाराला ती मुभा नाही! पण मला वेगळेच विचारायचे आहे. 843 आणि 1,003 हे आकडे गावाला कळावेतच कशाला?

भाऊसाहेब : तुम्ही आज प्रथमच माझ्या मनातले बोललात. मतपत्रिका होत्या तेव्हा काही निवडणुकांत निरनिराळ्या केंद्रांच्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मगच गठ्ठे बांधले जात, आणि कोणत्या गावाने काय केले ते गावाच्या वेशीआड राहत असे. यंत्र आले तसा केंद्रनिहाय आकडा उघडा पडला. गावात लीड कोणाला, वस्तीवर किती, भावकीने हात दिला की दगा दिला, याचा हिशेब निकालाच्या संध्याकाळीच सुरू होतो. चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे टोटलायझर वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने 2008 साली केली होती, विधी आयोगाने 2015 साली तिला दुजोराही दिला. अंमल झाला नाही. माझ्या मते मतदाराला सर्वांत जास्त भिववते ती आधीची चाचणी नव्हे, नंतरची ही यादी.

मास्तर : मग चाचणीवरचा दावा तुम्ही मागे घेता?

भाऊसाहेब : मागे घेत नाही, तारीख वाढवून घेतो.

एवढे बोलून भाऊसाहेब उठले, आणि मास्तर चहाचे पैसे देण्यासाठी नेहमीप्रमाणे त्यांच्याशी हुज्जत घालू लागले. माझ्या मनात मात्र दोघांचेही म्हणणे घोळत राहिले. मास्तर म्हणतात त्याप्रमाणे मोजलेला अंदाज हा उडत्या हवेपेक्षा बरा, यात मला संशय नाही. आणि भाऊसाहेब म्हणतात त्याप्रमाणे ज्या पिकाला अंदाज ऐकू येतो त्याला त्याची बाधा होते, हेही खरे आहे. दोघांच्या मधून वाट निघते ती वाचणाराच्या पायांनी निघते. यापुढे कोणी टक्क्यांचा आकडा पुढे टाकील तेव्हा, कापणी कोणाच्या रानात केली, दोरी कोणी धरली, आणि काट्यात खोट किती, एवढे तीन प्रश्न महसुली बाण्याने त्याला विचारावेत; समाधानकारक उत्तर मिळाले तर आकडा लक्षात ठेवावा, न मिळाले तर चहाबरोबर संपवावा, आणि दोन्ही प्रसंगी मत मात्र आपल्या हिशेबाने द्यावे.

राहिले ते 'पडणाऱ्याला मत देऊन वाया कशाला घालवायचं' हे वाक्य. त्याचा हिशेब मी त्या रात्री मास्तरांच्या पद्धतीने कागदावर केला. 2019 साली माळशिरसचा निकाल 2,590 मतांनी लागला; म्हणजे विजयी बाजूच्या 1,296 मतदारांनी दुसरे बटण दाबले असते तर गुलाल दुसऱ्या अंगणात पडला असता. 2024 साली एकट्या मारकडवाडीत या दोन उमेदवारांना पडलेल्या मतांची बेरीज 1,846 होते.